पौर्णिमा तायडेचा जुळा भाऊ

पौर्णिमा तायडेला मिळायचे होते एकतीस लाख चाळीस हजार रुपये, एकरकमी. शिवाय दर महिन्याला सव्वीस हजारांची वाढ. लॉटरी नव्हे, वारसा नव्हे, कुणाची मेहेरबानी तर मुळीच नव्हे. बारा वर्षं तिनं जे काम केलं त्याचे द्यायला हवे होते आणि दिले नव्हते, असे हे पैसे. दक्षिणगंगा बायोलॉजिक्स या शेंद्र्याच्या इन्सुलिन कारखान्यात त्या सकाळी ज्यांच्या ज्यांच्या फोनवर आकडा उमटला, त्यांत तिचा सर्वांत मोठा होता. म्हणजे सगळ्या कारखान्यात सर्वांत जास्त बुडवली गेलेली व्यक्ती म्हणून ती पहिली आली होती. तिचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे न कळल्यामुळे लोकांनी पेढे मागितले.

ज्यांच्या फोनवर शून्य आलं ते बहुतेक पुरुष होते, आणि त्यातही विशिष्ट आडनावांचे. आपल्याला इतकी वर्षं पूर्ण मोबदला मिळत होता हे कळल्यावर माणसानं खरं तर आनंदी व्हावं. ते दुखावले. दुपारपर्यंत कँटीनमध्ये एक नवी तक्रार जन्माला आली होती, की बुडवलं तर आम्हालाही गेलंय, फक्त आमचं मोजायला यंत्र नाही.

यंत्राचं नाव समतुल. ते मूळ इथलं नव्हे. अमेरिकेतल्या कचेऱ्यांत गोऱ्या पुरुषाला जिथे रुपया मिळे, तिथे काळ्या बाईला पासष्ट पैशांच्या आसपास मिळत. हे सगळ्यांना माहीत होतं, आकडे दरवर्षी छापून येत, आणि दरवर्षी कंपन्या म्हणत, आमच्याकडे असं काही नाही, कामातच फरक असणार. त्या बायकांनी कोर्टात, संघटनांत, रस्त्यावर दोन पिढ्या घालवल्या. सगळीकडे प्रश्न येऊन एकाच जागी अडायचा. पगार कमी आहे हे दिसतं, पण तो बाई आणि काळी असल्यामुळे कमी आहे हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी अगदी तिच्यासारखाच माणूस हवा. तेच शिक्षण, तेच काम, तितक्याच चुका, तितक्याच रजा, फक्त पुरुष आणि गोरा. असा माणूस जगात नसतो.

समतुलनं तो बनवला. लाखो पगारपत्रकं, बढत्यांचे आदेश, कामाचे अहवाल, ईमेल, बैठकांची इतिवृत्तं हे सगळं वाचून ते यंत्र शिकलं, की कुठल्या कामाचं, कुठल्या शब्दांचं, कुठल्या नावाचं बाजारात काय होतं. मग ते एका जिवंत माणसाची सगळी कागदोपत्री हयात घेई, तिच्यातल्या दोनच गोष्टी बदली आणि ती हयात पहिल्या दिवसापासून पुन्हा चालवून बघे. एकदा नव्हे, हजारो वेळा. सरासरीनं जो माणूस उभा राहील तो तुमचा जुळा. जुळ्याचा पगार वजा तुमचा पगार म्हणजे तुमची तूट. आपल्याकडे समान मोबदला कायदा आला तेव्हा यंत्र आयात झालं आणि त्यात वंशाच्या जागी जात बसवली गेली. बाकी यंत्र तेच.

दक्षिणगंगात त्याला समतुल कुणीच म्हणालं नाही. ‘जुळा’ हा शब्द एकदा सरकारी पत्रकात आला आणि बायकांनी त्याचा ‘भाऊ’ केला. “तुझा भाऊ किती कमावतो गं?” “माझा नुसता सुपरवायझर झालाय, मेला माझ्यासारखाच आळशी.” पौर्णिमाचा भाऊ मात्र तालेवार निघाला. तो सहा वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेचा उपप्रमुख झाला होता, कंपनीच्या खर्चानं दोनदा परदेशी जाऊन आला होता, आणि स्वतःच्या घरात राहत होता.

“घर कुठंय म्हणे त्याचं?” प्रसेननं विचारलं. प्रसेन म्हणजे तिचा नवरा, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा.

“ते नाही सांगत. एवढंच सांगतं की मालकीचं असण्याची शक्यता ऐंशी टक्के.”

“मग साल्यानं बहिणीला एखादी खोली द्यायला काय झालं होतं?”

हसले दोघंही. पण हसणं लवकर संपलं, कारण चौदा वर्षांत त्यांनी भाड्याची पाच घरं बदलली होती. भाडं थकलं म्हणून एकही नाही. एका मालकाला आडनाव उशिरा कळलं, एकाला भिंतीवरचा फोटो दिसला, एकानं तर काही कारण न देता नुसती पाण्याची मोटर बंद ठेवायला सुरुवात केली. आता बीड बायपासला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असा फ्लॅट दोघांनी बघून ठेवला होता. पौर्णिमाला त्या एकतीस लाखांत दुसरं काही दिसतच नव्हतं. असं दार, की जे बाहेरून कुणी वाजवून म्हणणार नाही, महिनाअखेर खाली करा.

“पैसे हातात पडल्याशिवाय बुकिंग नको,” ती म्हणाली.

पैसे हातात पडले. चौदा एप्रिलला कंपनीनं सभागृहात कार्यक्रम ठेवला. निळा मंडप, हार, समतेवर व्यवस्थापकीय संचालकांचं भाषण, आणि पडताळणी व्हायची बाकी असली तरी सद्भावना म्हणून आकडा आलेल्या प्रत्येकाला प्राथमिक आकड्याच्या चौथ्या हिश्श्याची उचल. मंचावर मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशामागे पौर्णिमा उभी राहिली. सात लाख पंच्याऐंशी हजार. फोटो कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. खाली बारीक अक्षरांत होतं, की अंतिम आकड्याहून जास्त झालेली उचल परत घेण्यात येईल. बारीक अक्षरं फोटोत येत नाहीत. तिनं घरातली शिल्लक, एक लाख पंधरा हजार, त्यात घातली आणि नऊ लाख बिल्डरला देऊन पावती घेतली.

मंचावरून उतरल्यावर पहिली मिठी मारली ती वृंदाताईंनी.

वृंदा ताम्हनकर प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनाही बाई म्हणून अठरा लाखांचा आकडा आला होता, आणि तो येताच त्यांचे यजमान विश्वासराव महिन्याभरानं प्रथमच मोकळेपणी जेवले होते, कारण मित्राच्या सोलर कंपनीत त्यांनी बुडवलेली रक्कम साधारण तेवढीच होती. वृंदाताई माणूस म्हणून चांगल्या. हे मी उपरोधानं म्हणत नाही. मोटर बंद ठेवणाऱ्या मालकानं पौर्णिमाला सामानासकट बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी तिघांना, म्हणजे नवरा-बायको आणि शाळकरी मुलीला, आपल्या घरी दोन आठवडे ठेवून घेतलं होतं. स्वयंपाकघरात एकत्र वावरल्या होत्या दोघी. कँटीनमध्ये बारा वर्षं एकाच टेबलावर डबे उघडत होत्या, आणि पौर्णिमाच्या डब्यातली ज्वारीची भाकरी व ठेचा वृंदाताई विचारल्याशिवाय उचलत.

“पौर्णिमे, आता उपप्रमुख तूच,” त्या म्हणाल्या. “मला चार वर्षांनी सुटायचंय. तोवर शिकून घे माझ्याकडून सगळं.”

पौर्णिमा हसली. काय शिकायचं राहिलं होतं, हा प्रश्न तिच्या मनात आला असणार, पण तिनं तो विचारला नाही.

कारण कारखान्यातलं सर्वांत मौल्यवान काम तिचंच होतं. इन्सुलिनच्या बॅचमध्ये मेलेल्या जंतूंचं विष उरलेलं नाही ना, हे बघायला पूर्वी दोन दिवस लागत. तोवर माल पडून राही, आणि विष निघालं तर सगळा फेकावा लागे. पौर्णिमानं दोन वर्षं खपून अशी पद्धत बसवली, की तासाभरात निकाल लागावा आणि बिघाड अर्ध्या वाटेवरच कळावा. कंपनीचे वर्षाला तीन कोटी वाचले. अहवाल तिनं लिहिला. तो इंग्रजीत होता, पण त्याच्या शेवटचं वाक्य भाषेनं इंग्रजी आणि मनानं मराठी होतं: आदरणीय ताम्हनकर मॅडम यांच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली हे काम पूर्ण करता आले, मी केवळ निमित्तमात्र.

हे वाक्य आपल्याकडे कोण लिहीत नाही? प्रबंधात, स्मरणिकेत, सोसायटीच्या गच्चीच्या दुरुस्तीच्या हिशोबातसुद्धा असतं ते. त्याचा अर्थ नमस्कार केला एवढाच. पौर्णिमानं नोकरीतला पहिला अहवाल या वाक्याशिवाय दिला होता. तेव्हाच्या प्रमुखांनी तो परत पाठवला आणि चारचौघांत विचारलं, “कुणामुळे इथे बसलात हे विसरलात वाटतं, तायडे?” ‘कुणामुळे’ यावर त्यांनी जो जोर दिला, त्यात राखीव जागेपासून सगळं आलं. त्या दिवशी तिला हिशोब कळला. दुसऱ्यानं ते वाक्य गाळलं तर विसर, तिनं गाळलं तर माज. तेव्हापासून तिनं एकही कागद त्या वाक्याशिवाय सोडला नाही.

पडताळणी जूनमध्ये आली. यंत्राच्या कंपनीकडून आलेला अधिकारी हर्षल बोथरा तिशीतला, अदबशीर, आणि पाण्याची बाटली स्वतःची घेऊन फिरणारा होता. त्यानं पौर्णिमासमोर पडदा फिरवला.

“प्राथमिक फेरीत फक्त पगार, पदं आणि अहवालाखालची नावं बघितली होती, मॅडम. आता आतला मजकूर वाचलाय. तुमचा सुधारित आकडा दोन लाख दहा हजार. मासिक वाढ सतराशे.”

पौर्णिमानं आकडा वाचला. मग मागची शून्यं मोजली. “यात काहीतरी राहिलंय.”

“राहिलं नाही, जास्त धरलं गेलं होतं. या पद्धतीचं श्रेय आम्ही तुम्हाला दिलं होतं. पण तुम्हीच लिहिलंय, काम ताम्हनकर मॅडमच्या मार्गदर्शनाखाली झालं, तुम्ही निमित्तमात्र. एकदा नाही, शेकडो कागदांत. हे वाक्य तुमचंच ना?”

“वाक्य सगळ्यांचंच आहे. लिहायची पद्धत असते.”

“समतुलला मजकूर कळतो, मॅडम. पद्धत नाही कळत. ते शिकलं त्या कचेऱ्यांत माणसं ‘मी केलं’ असंच लिहितात. न केलेलं पण.”

“बरं. पण मग माझा भाऊ, म्हणजे माझा जुळा, त्याचा पगार कसा काय उतरला?”

“त्यानंही तेच वाक्य लिहिलंय.”

“तो कशाला लिहील? तो खुल्या प्रवर्गातला पुरुष आहे. त्याला कोण विचारणार होतं, कुणामुळे बसलास म्हणून?”

बोथरानं हा प्रश्न आधी ऐकलेला असावा. तो शांतपणे म्हणाला, “जुळ्यात आम्ही ओळख बदलतो, वर्तन नाही. लिहिणं हे वर्तन. तेही बदललं तर कंपन्या म्हणतील, वाटेल तसा माणूस कल्पून आमच्याकडून पैसे काढताय.”

“आणि वर्तन ओळखीमुळेच तसं झालं असेल तर? बोथरा, आम्ही पाण्यात विष आहे का बघतो, तेव्हा शेजारी एक कोरी नळी ठेवतो, निव्वळ शुद्ध पाण्याची. दोन नळ्यांमधला फरक म्हणजे विष. आता समजा, कोरी नळीसुद्धा त्याच खराब भांड्यात विसळली. दोन्हीकडे विष सारखंच. फरक शून्य. अहवालात काय लिहायचं? पाणी स्वच्छ?”

“उदाहरण चांगलंय. हरकत म्हणून नोंदवतो. अशीच हरकत अटलांटातल्या एका बाईंनी घेतलीय. बैठकीत त्या जे बोलायच्या ते शेजारचा गोरा माणूस पुन्हा बोलायचा, आणि इतिवृत्तात त्याचं नाव यायचं. जुळ्याच्या बाबतीतही यंत्रानं ते तसंच ठेवलं.”

“मग?”

“केस चालू आहे.”

“किती वर्षं?”

“सात.” तो बाटलीतलं पाणी प्यायला. “एक सोपा रस्ता आहे. ज्यांना श्रेय गेलंय त्यांनी स्वतः सांगायचं, हे काम माझं नाही. श्रेय सरकलं की पैसेही सरकतात. अर्थात त्यांच्याकडून.”

रविवारी सकाळी ती ज्योतीनगरला वृंदाताईंकडे गेली.

“अगं ये, ये. चप्पल आत घे, समोरच्यांचं कुत्रं पळवतं. पोहे टाकू?”

“नको ताई. बोलायचंय.”

वृंदाताईंनी ऐकून घेतलं. आतल्या खोलीत विश्वासरावांचा टीव्ही चालू होता, तो बंद झाला. म्हणजे तेही ऐकत होते.

“म्हणजे माझे अठरा लाख जाणार,” वृंदाताई म्हणाल्या.

“ते आणि त्या पद्धतीवर मिळालेल्या दोन वेतनवाढी.”

“मी तुला कधी म्हटलं होतं का गं, माझं नाव लिही म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“नको लिहू, असंही नाही म्हणालात.”

वृंदाताईंनी टीपॉयवरचं वर्तमानपत्र सरळ केलं. “खरं सांगू? ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं, की मला वाटायलाच लागलं, असेल बाई, केलं असेल आपण काहीतरी मार्गदर्शन. बक्षीस घेताना भाषणसुद्धा केलं मी. त्या अवघड दिवसांविषयी.”

“टाळ्या मीच पहिल्यांदा वाजवल्या होत्या.”

“काय केलं होतं गं मी नक्की? आठवून सांग ना. काहीतरी असेलच.”

पौर्णिमानं खरोखर आठवून बघितलं. ती प्रामाणिक बाई. “उशीर झाला की तुम्ही गाडीनं घरी सोडायचात. चहा पाजायचात. आणि एकदा म्हणाला होतात, होईल गं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण तेवढंसुद्धा बाकी कुणी केलं नव्हतं.”

आतून विश्वासरावांचा आवाज आला, “वृंदा, घाईनं काही कबूल करू नकोस. वकिलाला विचारू.” वृंदाताई उठल्या आणि आतलं दार ओढून घेतलं. पौर्णिमाला त्या एवढंच म्हणाल्या, “मला चार दिवस दे.”

त्या चार दिवसांत पौर्णिमाच्या घरी भांडण झालं. “मैत्रीबित्री सोड. लेखी तक्रार टाक, श्रेय चोरलं म्हणून,” प्रसेन म्हणाला. “तुझ्याकडं सगळी कच्ची नोंद आहे, तारखांसकट. एका झटक्यात सिद्ध होईल.”

“त्यांनी चोरलं नाही. मी दिलं.”

“कुणी द्यायला लावलं?”

“त्यांनी नाही.”

“कोणीच नाही लावलं, कोणीच नाही चोरलं, आणि एकतीस लाख गेले! वारं घेऊन गेलं का?”

“आपण रस्त्यावर होतो, प्रसेन. त्यांनी दार उघडलं होतं.”

“तुझ्या भावाला असं कुणाचं दार वाजवावं लागलं असतं का?” प्रसेन ओरडला. त्याला तिला लागेल असं बोलायचं नव्हतं. पण ते लागलं, कारण ते खरं होतं. तिच्या डोक्यावरचं वृंदाताईंचं ऋणसुद्धा त्या तुटीतलंच होतं, फक्त ते यंत्रानं मोजलं नव्हतं.

गुरुवारी वृंदाताई स्वतः होऊन बोथराच्या खोलीत गेल्या. विश्वासरावांशी त्यांचं काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण डोळे सुजले होते. यंत्रासमोर त्यांनी स्पष्ट शब्दांत निवेदन दिलं: ही पद्धत पूर्णपणे पौर्णिमा तायडे हिची आहे. माझा त्यात कोणताही वाटा नाही. माझं नाव तिनं केवळ आदरापोटी लिहिलं. अठरा लाखांवर पाणी सोडून ती बाई बाहेर आली आणि कँटीनमध्ये पौर्णिमासमोर बसून डबा न उघडता म्हणाली, “झालं.”

पौर्णिमानं त्यांचा हात धरला. मग डबा उघडून भाकरी त्यांच्यापुढे सरकवली.

निकाल सोमवारी आला. बोथरानं दोघींना एकत्रच बोलावलं. या वेळी त्याला पडदा फिरवायला अवघड जात होतं.

“तायडे मॅडमच्या आकड्यात बदल नाही.”

“माझं निवेदन मिळालं नाही का?” वृंदाताईंनी विचारलं.

“मिळालं. यंत्रानं ते ‘वरिष्ठाने कनिष्ठास दिलेले श्रेय’ या सदरात घेतलंय. असं आहे मॅडम, तुमच्यासारख्या पदावरची, तुमच्यासारख्या पार्श्वभूमीची माणसं जेव्हा म्हणतात, यात माझं काही नाही, सगळं माझ्या टीमचं, तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो विनय असतो. यंत्र हेच शिकलंय. त्यामुळे श्रेयाचं वाटप तेच राहिलं. आणि…” त्यानं घसा साफ केला. “औदार्य हा नेतृत्वाचा निर्देशक आहे. तुमचा आकडा अठराचा एकवीस लाख साठ हजार झालाय.”

खोलीत जे हसू फुटलं ते वृंदाताईंचं होतं, आणि ते हसू नव्हतं. “अरे, मी खरं बोलले! हिनं बारा वर्षं नुसता नमस्कार केला, तो तुम्ही पुरावा धरलात. मी एकदा खरं बोलले, तर म्हणता विनय?”

“आणखी एक मार्ग आहे,” बोथरा टेबलाकडे बघत म्हणाला. “शपथपत्र. दुसऱ्याचं श्रेय आपण जाणूनबुजून लाटलं, अशी कबुली. ते यंत्राला विनय म्हणता येत नाही. पण मग फसवणुकीची कारवाई होते. नोकरी, निवृत्तीचे लाभ, सगळं.”

वृंदाताई पौर्णिमाकडे बघू लागल्या. “पण मी जाणूनबुजून नाही गं घेतलं.”

आणि हे खरं होतं. यंत्रात चोरीला रकाना होता, दानाला होता, विनयाला होता. न मागता मिळालेलं, न विचारता ठेवून घेतलेलं, आणि हळूहळू आपलंच वाटू लागलेलं, याला रकाना नव्हता. आपल्याकडची बहुतेक मालमत्ता त्याच रकान्यातली असूनही नव्हता.

वृंदाताईंनी शपथपत्र दिलं नाही. आठवड्यानं त्यांनी पौर्णिमाला प्रयोगशाळेच्या शीतगृहाशेजारी गाठलं. तिथे यंत्रांच्या घरघरीत बोलणं बाहेर ऐकू येत नाही.

“वाढीव तीन लाख साठ हजार तू घे. आणि दर महिन्याला माझ्या पगारातले दहा हजार. घर सोडू नकोस. विश्वासना सांगायची गरज नाही.”

“काय म्हणून घेऊ, ताई?”

“काय म्हणून म्हणजे? तुझेच आहेत ते.”

“माझे आहेत तर सही करून द्या.”

“ते मला जमणार नाही, माहितीये ना तुला.”

“मग माझे नाहीत. मग ती मदत झाली.” पौर्णिमाचा आवाज मऊच होता. “तुमच्याकडून मदत खूप घेतली, आणि तिचे आभार खूपदा लिहिले. त्याच आभारांनी मला खाल्लं.”

“तू माझ्यावर तक्रार करणार आहेस का?”

“नाही.”

“का नाही?” वृंदाताईंनी हे जवळजवळ रागानं विचारलं. तक्रार झाली असती तर त्यांना निदान रागवायला जागा मिळाली असती.

“कारण तुम्ही चोर नाही आहात. तसं लिहायचं म्हटलं तर आणखी एक खोटं वाक्य माझ्या हातचं होईल. मी यंत्रावर हरकत टाकलीय, कोऱ्या नळीची. बोथरा म्हणाला, ती अटलांटाच्या केसला जोडतील.”

त्या दिवसापासून पौर्णिमा आपल्या बाकावरच डबा खाऊ लागली. कुणी विचारलं तर म्हणे, काम आहे. वृंदाताई कँटीनच्या त्याच टेबलावर एकट्या बसत. काही दिवसांनी त्यांच्यासमोर इतर विभागांतली माणसं येऊन बसू लागली, कारण त्यांच्या औदार्याची बातमी वार्तापत्रात आली होती. लोक त्यांच्याकडे आदरानं बघत. एक-दोन जणींनी त्यांना विचारून आपल्या अहवालात त्यांचं नावही घातलं.

पौर्णिमानं ऑगस्टमधला अहवाल प्रथमच ते वाक्य गाळून दिला. त्यात फक्त काय केलं, कसं केलं, आणि खाली तिचं नाव होतं. समतुलनं तो वाचला आणि ‘सहकार्यवृत्तीत घट’ असा शेरा दिला. वृंदाताईंनी प्रमुख या नात्यानं तो खोडला. समतुलनं खोडण्याची नोंद वृंदाताईंच्या नावावर औदार्यात जमा केली.

सप्टेंबरअखेर समान मोबदला कायद्याखाली दक्षिणगंगा बायोलॉजिक्सला प्रमाणपत्र मिळालं: तूट शून्य. पुढची दहा वर्षं हा विषय कुणाला उकरता येणार नाही, अशी कायद्यातच तरतूद होती.

आता जमाखर्च.

कंपनीनं प्राथमिक फेरीत साडेसहा कोटी बाजूला काढले होते. वाटले दोन कोटी दहा लाख. उरलेल्यातून मुख्य इमारतीला नवा काचेचा दर्शनी भाग झाला. यंत्रवाल्यांना त्यांची फी मिळाली. बोथरा बढतीवर हैदराबादला गेला. जाताना पौर्णिमाला भेटून “तुमची हरकत मी वर पाठवलीय” म्हणाला, आणि पाठवली होतीही. विश्वासरावांचं कर्ज फिटलं. वृंदाताईंना एकवीस लाख साठ हजार मिळाले. त्यांचं जे गेलं ते जेवणाच्या सुट्टीतलं होतं, आणि त्याला भाव नसतो.

पौर्णिमा तायडेनं फ्लॅट सोडला. बिल्डरनं नऊ लाखांतले दोन लाख करारानुसार कापून सात लाख परत दिले. अंतिम आकडा वजा जाता जास्तीची उचल पाच लाख पंच्याहत्तर हजार, ती तिनं कंपनीत भरली. हाती उरले एक लाख पंचवीस हजार. त्यातून दोन लाख दहा हजारांच्या थकबाकीवरचा प्राप्तिकर, बेचाळीस हजार. राहिले त्र्याऐंशी हजार. हे सगळं सुरू व्हायच्या आधी घरात एक लाख पंधरा हजार होते.

बत्तीस हजार कमी. प्रसेननं दोनदा वजाबाकी करून पाहिली.

“म्हणजे तूट शून्य करायला बत्तीस हजार लागले,” तो म्हणाला. “कुणी भरले?”

“मी,” पौर्णिमा म्हणाली, आणि भाड्याच्या नव्या घराचा पत्ता लिहून घ्यायला तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं.